एमसीबी माणसाला वाचवत नाही

महोदय,
इचलकरंजीतल्या यंत्रमाग कारखान्यांत मी अनेक वर्षे वायरमनचे काम केले. पावसाळ्यात मागाला हात लावला की झिणझिण्या येतात, ही कामगारांची तक्रार हसण्यावारी नेली जाते. खरे तर ती अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी तार, तुटल्याची पहिली खूण असते. ‘एमसीबी आहे ना!’ हे मालकांचे ठरलेले उत्तर. पण एमसीबी म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच; १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. ओल्या अंगातून १०० मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी माणूस दगावू शकतो, आणि तेवढ्याने एमसीबी पडतही नाही. माणूस वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीच, म्हणजे थोडीशी वीज गळली तरी लगेच पडणारा स्विच, हवा. कामगाराच्या आठवड्याच्या पगारात तो येतो.

दुसरे म्हणजे कुलूप. दुरुस्ती चालू असताना पाळी बदलली आणि नव्या माणसाने न बघता मेन स्विच चढवला. माझ्या सोबत्याचा हात त्यात कायमचा गेला. मेन बंद करून कुलूप लावले असते आणि किल्ली त्याच्याच खिशात असती तर तो आजही काम करत असता.

विद्युत निरीक्षकांनी छोट्या कारखान्यांतले अर्थिंग पाऊस सुरू होण्याआधीच मोजून घ्यावे, अपघातानंतर नव्हे.

– एक निवृत्त वायरमन, इचलकरंजी