रेड आर्मर सोडून दिल्याबद्दल

अनोळखी भिडू,

तुला 'तुम्ही' म्हणायला हवं होतं खरं, पण ज्याने ऑनलाइन गेममध्ये एका रात्रीत मला इतक्या वेळा उडवलं त्याच्याशी अहो-जाहो जमत नाही. तू मुलगा आहेस की मुलगी, सोळाचा की साठचा, काहीच ठाऊक नाही. 'आलास-गेलास' लिहितोय ते निव्वळ सवयीने. चुकलं असेल तर पोटात घाल. तुझ्या नावात एक अक्षर आणि चार आकडे होते. ते कुठे लिहून ठेवीन म्हणेपर्यंत तू लॉबीतून गेलेला होतास. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचेल अशी काही आशा नाही, आणि पोचलं तरी तुला मराठी येतं का, देव जाणे. पण चार दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहितो.

मागच्या शनिवारची रात्र. गेम क्वेक, एकमेकांना गोळ्या घालायचा शूटर, म्हणजे १९९६ चाच, २०२१ मध्ये नव्या कन्सोलसाठी झाडून-पुसून आणलेला. मॅप, म्हणजे लढायची जागा, 'द अबॅन्डन्ड बेस', जिला जुनी मंडळी नुसतं डीएम थ्री म्हणतात. सुरुवातीला आपण सहाजण होतो. कोणी कंटाळून गेलं असेल, कोणी झोपायला गेलं असेल. शेवटी उरलो तू आणि मी, आणि स्कोअर होता सतरा–दोन. त्या दोनांपैकी एक तरी माझ्या नशिबाने मिळालेला होता.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट आधी सांगतो. माझ्या उजव्या अंगठ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झालेत. डॉक्टरांच्या मते अंगठा आता ठणठणीत आहे. कंट्रोलरच्या उजव्या स्टिकचं मत वेगळं आहे. वळायचं म्हटलं की आधी दुखतं आणि मग वळतं, आणि क्वेकमध्ये तेवढ्या वेळात माणूस मेलेला असतो.

तर सतरा–दोन. मी कोपऱ्यावरून आलो, हातात जन्माला येताना मिळालेली शॉटगन, आणि समोर तू. रेड आर्मरच्या, म्हणजे लाल चिलखताच्या पुढ्यात, हातात रॉकेट लाँचर. मी मनातल्या मनात अठरा म्हणून टाकलं.

रॉकेट आलंच नाही. तू एक पाऊल मागे सरलास आणि नजर खाली जमिनीकडे नेलीस. मग मान वळवून आर्मरकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, परत आर्मरकडे. जागच्या जागी दोन उड्या मारल्यास. मला काही कळेना. घाबरून मी तुझ्यावर दोन वेळा शॉटगन झाडली, हे इथे जाहीर कबूल करतो. तू हललासुद्धा नाहीस. पुन्हा दोन उड्या. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की हा म्हणतोय, घे.

मी घेतलं. आर्मरचा आकडा दोनशेवर गेला.

हा गेम न खेळणाऱ्यांना यात काय मोठं, असं वाटेल, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगतो. क्वेकमध्ये माणूस शंभर हेल्थ घेऊन जन्मतो. अंगावर आर्मर नसेल तर थेट लागलेलं एकच रॉकेट पुरतं. रेड आर्मर असेल तर माराचा ऐंशी टक्के भाग तेच सोसतं. मॅपवर ते ठरल्या जागी असतं, कोणीही उचलू शकतो, आणि उचललं की वीस सेकंदांनी त्याच जागी परत उमटतं. दोघांच्या लढतीत खरी झुंज चालते ती या वीस सेकंदांवर. जो मनात आकडे मोजत वेळेवर तिथे हजर होतो, मॅप त्याच्या मुठीत. नेम त्यानंतर. थोडक्यात, तू मला तुझी खुर्ची उठून दिलीस.

आणि त्यानंतर जे केलंस त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तीन-चार सेकंद थांबलास, मला सावरू दिलंस, आणि वरून थेट रॉकेट हाणलंस. दयामाया काही नाही. पण मी मेलो नाही! वीस-बावीस हेल्थ गेली फक्त. त्या रात्री पहिल्यांदाच मी तुझं रॉकेट खाऊन उभा होतो, आणि उभा असल्यामुळे मला उलट गोळी झाडता आली. मेलोच नंतरच्या रॉकेटांना, ते सोड.

लहानपणी खेळात एखाद्या बारक्याला लिंबूटिंबू करायचे. तो आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, आणि म्हणूनच तो खरा खेळातही नसतो. तू मला लिंबूटिंबू करू शकला असतास. मुद्दाम नेम चुकवून दोन-चार फ्रॅग, म्हणजे मारल्याचे गुण, देऊन टाकले असतेस. मला ते लगेच कळलं असतं आणि मी कंट्रोलर ठेवून झोपायला गेलो असतो, बहुधा कायमचा. तू मला हत्यार दिलंस आणि मग जीव तोडून लढलास. यातला फरक मला समजावून सांगता येत नाही, पण अंगावर काटा आला होता एवढं खरं.

आता जरा इतरांबद्दल. नावं घेत नाही. हात बरा झाल्यावर आधी मी आजकालचा एक मोठा शूटर लावला होता. पहिल्या आठवड्यात शत्रूपेक्षा आपल्याच टीमकडून जास्त मार खाल्ला, तोही कानात. हेडसेटमधून एक कोवळा आवाज म्हणाला की म्हाताऱ्यांनी घरी बसावं. मी घरीच बसलो होतो, पण मुद्दा लक्षात आला. एकदा मला मॅच चालू असताना टीमने मत देऊन बाहेर काढलं. जुने मित्र, ज्यांच्याबरोबर एका टीव्हीसमोर रात्री जागवल्या, ते 'या वीकेंडला नक्की' म्हणतात. असे किती वीकेंड गेले ते मी मोजणं सोडलंय. आणि एक जाणकार गृहस्थ, ज्यांना मी विनंती केली होती की जरा हात धरून शिकवा, त्यांचं उत्तर होतं, 'आता या गेममध्ये राक्षसच उरलेत, तुमचं काम नाही.' राक्षस उरलेत हे खरं निघालं. त्यांतला एक उड्या मारून आर्मर देतो, हे त्या गृहस्थांना ठाऊक नसावं.

मला हे जुन्या वळणाचे गेम का आवडतात हे मी बऱ्याच जणांना समजावायला गेलोय आणि दर वेळी म्हाताऱ्यासारखा ऐकू आलोय. १९९७ मध्ये निन्टेन्डो ६४ वर गोल्डनआय आला तेव्हा कन्सोललाच चार कंट्रोलरच्या जागा होत्या. टीव्हीचे चार तुकडे, प्रत्येकाला पानाएवढी चौकट, आणि शेजाऱ्याच्या चौकटीत चोरून बघणं हा अर्धा खेळ. मग २००० मध्ये ड्रीमकास्टवर क्वेक थ्री आला. त्या कंट्रोलरला अंगठ्याची काडी एकच. ती नेम धरायला, आणि चालायचं ते बटणांनी. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण बोटांना आठवड्याभरात सवय व्हायची. त्याला मोडेमही होता, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून मारामारी. २००१ मध्ये एक्सबॉक्सवर हेलो, आणि चार कन्सोल वायरने जोडले तर सोळाजण एका मॅचमध्ये. चार टीव्ही आणि चार कन्सोल वाहून आणणारी माणसं होती, यावर आजची पोरं विश्वास ठेवत नाहीत.

या सगळ्यांत नियम साधारण एकच. मॅच सुरू झाली की सगळे सारखे. कालपासून खेळणारा आणि दहा वर्षं खेळणारा, दोघांच्या हातात तीच फुसकी बंदूक. चांगलं जे काही आहे ते जमिनीवर पडलंय, ज्याचे पाय आधी पोचतील त्याचं. २००७ मध्ये कॉल ऑफ ड्यूटी ४ गाजला आणि त्यानंतर जिकडे तिकडे लेव्हल, अनलॉक, घरून भरून आणलेली हत्यारं यांचीच चलती झाली. ते गेम वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मीही खेळलोय, रात्र रात्र. पण तिथे तुझी बंदूक तुझी आणि माझी माझी. तिथे तुला माझ्यासाठी सोडण्यासारखं काही नसतंच. जे सगळ्यांचं आहे तेच कोणी सोडू शकतो. हे मला शनिवारी, वयाच्या चाळिशीत, एका नाव नसलेल्या माणसाच्या उड्यांवरून कळलं.

ती मॅच वीस–सहाने तू जिंकलीस. दुसरीही तिथेच खेळलो. तिच्यात एकदा तू आर्मरच्या रिकाम्या जागेशेजारी नुसता उभा राहिलास. मी आलो, तू मारलं नाहीस, मीही मारलं नाही. एवढी अक्कल एव्हाना आली होती. दोघं त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे. कोणी बाहेरून बघितलं असतं तर बसची वाट बघतायत म्हणाला असता. आर्मर उमटलं, त्या क्षणी तू एक उडी मारलीस, उचललंस आणि परत तिथेच उभा. तेव्हा मी मोजायला लागलो. तोंडाने, मोठ्याने, एक, दोन, तीन. वीस म्हटलं आणि आवाज आला. या वेळी तू बाजूला झालास.

नंतर मोजणं अंगात आलं. भिंतीपलीकडून तू आर्मर उचलल्याचा आवाज आला की तोंडातून 'एक' आपोआप निघायला लागला. चौदा-पंधराला मी वाट धरायचो. एकदा एकोणीसला पोचलो, तू विसाव्याला आलास, आणि मी आर्मर घालून उभा! तू थबकलास ते मला स्पष्ट दिसलं. मग तू दोन उड्या मारल्यास, आणि त्या नुसत्याच होत्या, आनंदाच्या. अंगठा तोवर ठणकायला लागला होता आणि मला त्याचं काही नव्हतं.

सभ्य माणसं असतात हे आपण उगाच म्हणत असतो. दिसतात मात्र क्वचित, कारण बहुतेक वेळा सभ्यपणा दाखवायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं की त्यात आपलं मोठेपण मिसळतंच. मीही शिकवायला गेलो की आधी दहा मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. तुला बोलताच येत नव्हतं, फक्त उड्या मारता येत होत्या. बरं झालं.

दुसरी मॅच वीस–अकरा. अकरा! हा आकडा मी दोन जणांना सांगितला, दोघांनीही 'म्हणजे हरलास ना?' असं विचारलं. त्यांना काय कळणार.

एक माफी राहिलीय. शेवटी शेवटी आपण दोघं पाण्यात असताना मी लायटनिंग गन चालवली. पाण्यात ती चालवली की सगळी वीज एकदम पाण्यात सुटते, हे मला खरंच माहीत नव्हतं. तू मेलास, मीही मेलो. मी ते मुद्दाम केलं असं तू समजला असशील तर तसं नव्हतं, आणि युक्ती समजला असशील तर तेच समज.

येत्या शनिवारी रात्री मी त्याच मॅपवर आहे. रेड आर्मर सोडू नकोस, वीसपर्यंत मी माझं मोजतो. पाण्यात उतरायचं तेवढं बघून उतर.

तुझा,
सतरा–दोनवाला