विरघळणाऱ्या स्क्रूंचे कोणी सांगेल का?

घोट्यातले दोन स्टीलचे स्क्रू काढायला माझा मुलगा वर्षभराने पुन्हा ऑपरेशन टेबलावर गेला. पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा बिल. डबीत घालून दिलेले ते स्क्रू आता फ्रिजवर पडून आहेत. जर्मनीत बनलेल्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या स्क्रूला युरोपात २०१३ मध्येच मान्यता मिळाली. हाड जुळेपर्यंत तो आधार देतो, मग शरीरातच झिजून जातो. त्याचा ताठपणाही स्टीलपेक्षा हाडाच्या जवळचा. झिजताना हायड्रोजन वायू सुटतो ही त्याची खोड, आणि मांडीच्या हाडाचा भार त्याच्यावर टाकता येत नाही, हे मान्य. पण लहान हाडांसाठी असे काही असते, एवढे तरी डॉक्टरांनी सांगावे. आम्हाला ते स्क्रू काढल्यावर इंटरनेटवर कळले.

– एक वाचक, सातारा