माझ्या दादाला गावाने किती मतं दिली असती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'द डेव्हिल जज' या कोरियन मालिकेवर आलेला लेख काल दोनदा वाचला. लेखक तरुण असावेत. कळकळीने लिहितात, ते आवडलं. पण शेवटी त्यांनी म्हटलंय की असंच कोर्ट आपल्याकडेही हवं, खटला थेट टीव्हीवर दाखवावा, लोकांनी मोबाईलवर बटण दाबून दोषी कोण ते ठरवावं, म्हणजे न्यायालयातला भ्रष्टाचार एका दिवसात संपेल. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. रात्री झोप नाही, म्हणून सकाळी चहा व्हायच्या आत हे पत्र लिहायला बसले.

मालिका मीही पाहिली आहे. भाचीने लावून दिली. सोळाच्या सोळा भाग, खालच्या ओळी वाचत वाचत पाहिले. पहिल्याच खटल्यात न्यायाधीश कांग यो-हान विषारी पाणी सोडून माणसं मारणाऱ्या कारखानदाराला दर बळीमागे शिक्षा मोजून २३५ वर्षं तुरुंग सुनावतो. त्या क्षणी माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? मंत्रीणबाईंच्या मस्तवाल मुलाला फटक्यांची शिक्षा होते तेव्हा भाची टाळ्या वाजवत होती आणि मी तिला थांबवलं नाही.

पण तुमच्या लेखकांनी शेवटपर्यंत मालिका नीट पाहिली का? त्याच कोर्टातला तरुण न्यायाधीश गा-ऑन पहिल्यापासून यो-हानकडे संशयाने बघतो, ते काय उगीच? दुबळ्या माणसांवर तुटून पडणारी आणि ते कौतुकाने मोबाईलवरून दाखवणारी टोळी त्याच मालिकेत आहे, तिच्याबद्दल लेखात एक शब्द नाही. ही मालिका लिहिणारे मून यू-सोक स्वतः वीसहून जास्त वर्षं न्यायाधीश होते. २०१८ ची 'मिस हम्मुराबी' त्यांचीच, तीन न्यायाधीशांच्या साध्या दिवाणी कोर्टाची गोष्ट. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसलेला माणूस २०२१ मध्ये मतदानाने चालणारं कोर्ट लिहितो, तेव्हा तो आपल्याला सावध करतो आहे, एवढं तरी लक्षात घ्यायला हवं होतं.

कोरियाच्या लोकांना असा न्यायाधीश का हवासा वाटतो, हे मला समजतं. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये, सोलचं ऑलिंपिक संपून दोन आठवडे झाले होते, तुरुंगातून पळालेल्या एका कैद्याने एका घरात माणसं ओलीस धरली. चोरीसाठी त्याला शिक्षा आणि वर सक्तीची कोठडी मिळून १७ वर्षं झाली होती आणि अफाट पैसा खाल्लेल्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या भावाला ७. तो टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर ओरडून बोलला ते वाक्य तिथे आजही म्हणीसारखं वापरतात: पैसा असेल तर निर्दोष, पैसा नसेल तर दोषी. २०१९ च्या जानेवारीत त्या देशाच्या माजी सरन्यायाधीशांनाच अटक झाली. खटले वापरून सरकारशी सौदे केले असा आरोप होता. लोकांनी त्यांना तेव्हाच दोषी ठरवलं असतं. कोर्टाने पाच वर्षं साक्षीपुरावे ऐकले आणि २०२४ च्या जानेवारीत सगळ्या आरोपांतून सोडलं, त्यावर सरकारी पक्ष अपिलात गेला. संताप यावा असंच सगळं आहे. पण म्हणून मोबाईलवर मतं?

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

माझा थोरला भाऊ तालुक्याच्या एका पतसंस्थेत रोखपाल होता. १९९२ साली तिजोरीत तूट निघाली आणि नऊ पावत्यांवर दादाची सही सापडली. त्याला घरातून नेलं तेव्हा तो जेवत होता, हात धुवायला दिला नाही. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात (तुमचं नव्हे) पहिल्या पानावर त्याचा फोटो, चार कॉलम. गावाला खटल्याची गरजच उरली नाही. आमच्या भिंतीवर रात्रीत चुन्याने 'चोर' लिहिलं गेलं. वहिनीने कुंचल्याने घासून घासून ते काढलं, तर पावसाळ्यात ओल आली की अक्षरं पुन्हा उमटायची. वाण्याने उधारी बंद केली. माझं ठरलेलं लग्न मोडलं. ज्यांची खाती दादाने वर्षानुवर्षं पै न पै जुळवून दिली, ते रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. त्या वर्षी गावात मतं घेतली असती तर दादाला किती पडली असती? घरातली धरून पाच. त्यातही काकांचं नक्की सांगता येत नाही.

अकरा वर्षं खटला चालला. तीन न्यायाधीश बदलून गेले. मी शाळेतून रजा काढून दादाबरोबर तारखेला जायची. पुकारा व्हायचा, तारीख पडायची, लाल फडक्यात बांधलेला बस्ता कपाटात परत जायचा. मालिकांमधले कोरियन वकीलसुद्धा कागद असेच कापडात गाठ मारून नेताना दिसतात, ते पाहून माझ्या पोटात कसंतरी होतं.

चौथे न्यायाधीश आले ते कमी बोलणारे, बारीक अंगाचे, कानाला कमी ऐकू येत असावं, कारण साक्षीदाराला सारखं मोठ्याने बोलायला सांगायचे. त्यांनी एके दिवशी त्या नऊ पावत्या समोर मांडून घेतल्या, पतसंस्थेची जुनी खतावणी मागवली आणि भिंग घेऊन बघत बसले. कोर्ट भरलेलं, सगळे गप्प, वर पंख्याचा आवाज. मग त्यांनी दादाला कोरा कागद दिला आणि दहा वेळा सही करायला लावली. दादा सहीखाली रेघ ओढून दोन टिंबं देतो. लहानपणी आमच्या वडिलांची सही तशी, म्हणून त्याचीही तशी. खतावणीत पानोपानी दोन टिंबं. पावत्यांवर एकच. आणि त्यातल्या तीन पावत्यांच्या तारखांना दादा मिरजेला दवाखान्यात आईच्या उशाशी होता, ते कागदही बस्त्यात पहिल्यापासून होते. कुणी उघडून पाहिलेच नव्हते.

दादा सुटला. त्याच दैनिकात सहाव्या पानावर, निविदा सूचनेच्या खाली, तीन ओळी आल्या. फोटो नाही. ते कात्रण दादाने लोखंडी ट्रंकेत जपून ठेवलं होतं, तो गेल्यावर आम्हाला सापडलं.

ते भिंग कुठल्या अॅपमध्ये बसवणार आहात? दोन टिंबं बघायला लाखो माणसं थांबतील?

खुद्द कोरियाने तरी असं काही केलेलं नाही. तिथे २००८ पासून साध्या नागरिकांना ज्युरीत बसवतात. पण ते नागरिक समोर बसून पूर्ण साक्षीपुरावा ऐकतात, आपसात चर्चा करतात, मग मत देतात आणि ते मत न्यायाधीशावर बंधनकारक नसतं. न्यायाधीशाने वेगळा निर्णय दिला तर त्याची कारणं त्याला निकालपत्रात लिहावी लागतात. माजी राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांना ६ एप्रिल २०१८ रोजी २४ वर्षांची शिक्षा झाली, तो निकाल देशाने टीव्हीवर थेट पाहिला. पाहिला फक्त. बटण कुणाच्या हातात दिलं नव्हतं. कोर्टात काय चाललंय ते लोकांना दिसावं, याला माझा मनापासून पाठिंबा आहे. दादाचा बस्ता अकरा वर्षं कपाटात का पडून राहिला, हे कुणीतरी कॅमेरा लावून दाखवलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. न्यायाला उशीर होतो, पैसे चारले जातात, हे मी नाकारत नाही. मी ते बाकावर बसून भोगलं आहे.

आणखी एक. लेखासोबत तुम्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता आणि शेजारी लाकडी हातोडा छापलात. सोलच्या सर्वोच्च न्यायालयातली न्यायदेवता कोरियन पोशाखात बसलेली आहे, एका हातात तराजू, दुसऱ्यात कायद्याचं पुस्तक, आणि डोळे उघडे. आपल्या सर्वोच्च न्यायालयातही २०२४ मध्ये नवी मूर्ती आली, साडीतली, तलवारीच्या जागी संविधान, आणि पट्टी काढलेली. ही बातमी तुम्हीच छापली होती. हातोडा तर कोरियातले खरे न्यायाधीशही आपटत नाहीत आणि मी अकरा वर्षांत आपल्या कोर्टात एकदाही पाहिला नाही. पुरवणीत चित्र निवडणाऱ्याने निदान एकदा कोर्टात जाऊन बसावं, आत जायला तिकीट लागत नाही.

लेखकांविषयी मनात राग नाही. त्यांना माझं हे पत्र जरूर दाखवा. जागेअभावी कापावं लागलं तर हातोड्याचा परिच्छेद कापा, दादाचा ठेवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सांगली