मिगच्या बांधणीचा क्रम

लातूर,
दि. २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. मिग-२१ विमानाच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीचे किट घरात येऊन दोन महिने होत आले, तरी मी एकही भाग चिकटवलेला नाही, याचे तुला नवल वाटले. हे दिवस वाया गेले नाहीत. १९६३ पासून आपल्या हवाई दलात असलेल्या आणि पुढे नाशिकजवळ ओझरलाही तयार झालेल्या या विमानाला २६ सप्टेंबरला चंदीगडला निरोप दिला गेला, त्याच आठवड्यात मी किट मागवले; तेव्हापासून रोज रात्री भाग हाताळत बांधणीचा क्रम वहीत उतरवत आहे.

माझे मागचे जेट तुला आठवत असेल. त्या वेळी मी किटसोबतच्या सूचना-पत्रकातील आकड्यांमागे डोळे मिटून गेलो. नाकात वजन न भरताच धडाचे दोन्ही अर्ध चिकटवले आणि महिनाभराने रंगवून चाकांवर उभे केले, तर विमान शेपटीवर बसले. चाकांचे पायही रंगाआधीच लावले होते. मास्किंग टेप काढताना त्यांतील एक मोडला. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की, पत्रक कोणता भाग कुठे बसतो हे सांगते, कोणता केव्हा बसवायचा हे मात्र आपणच ठरवायचे असते.

म्हणून या वेळी प्रत्येक भागापुढे मी एकच प्रश्न लिहिला: पुढचा भाग चिकटल्यावर येथे ब्रश पोहोचेल का? कॉकपिट, नाकातील शंकू आणि मागची नळी यांचे उत्तर ‘नाही’ असे आले. ते धड मिटण्याआधी रंगून पूर्ण व्हायलाच हवेत. कॉकपिटचा तो रशियन निळसर हिरवा रंग मी जुन्या प्लास्टिकवर तीनदा मिसळून पाहिला. घरातल्या दिव्याखाली ठीक वाटलेली छटा सकाळी गच्चीवर नेली की फार निळी दिसते. वजनाचा अंदाज घेण्यासाठी सगळे भाग नुसत्या टेपने जोडून, मुख्य चाकांच्या जागी खाली पेन्सिल धरून तोल पाहिला. नाक खाली झुकेपर्यंत मासेमारीच्या शिशाचे मणी ठेवत गेलो आणि तितकेच मणी डबीत वेगळे काढले.

सर्वांत जास्त वेळ मी धडाच्या सांध्यासाठी राखला आहे, पुरे दोन आठवडे. माझे विमान धातूच्या उघड्या रंगाचे होणार, आणि त्या रंगाखाली काळा चकचकीत थर द्यावा लागतो, ज्यावर केसाएवढी चरही लपत नाही. फटीत लांबी (पुट्टी) भरायची, ४०० पासून २००० नंबरपर्यंत पॉलिश पेपर फिरवायचा, प्रायमरचा हात मारून दोष शोधायचे आणि पुन्हा घासायचे. घासताना बुजलेल्या पत्र्यांच्या रेषा सुईने परत कोरायच्या. पंखविस्तार मुळात ७.१५ मीटर, म्हणजे १:४८ या प्रमाणाच्या प्रतिकृतीत जेमतेम १५ सेंटीमीटर, त्यामुळे रेष जराशी जाड झाली तरी डोळ्यांत खुपते.

फवारणी मी डिसेंबर-जानेवारीतच उरकणार आहे. आपल्याकडे मे महिन्यात रंग पृष्ठभागावर टेकण्याआधीच हवेत सुकतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमट हवेने चकाकीवर पांढुरकी झाक येते. सकाळी वारा पडलेला असताना, वीज जाण्याच्या वेळा टाळून, फरशी ओली करून काम करायचे, म्हणजे धूळही बसते. डेकलसाठी, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांसाठी, बोअरचे पाणी वापरू नकोस, ही माझी आग्रहाची सूचना आहे. त्या क्षारांचे पांढरे डाग वॉर्निशखाली कायमचे राहतात. जारचे पाणी घे. डेकलनंतर वॉर्निश, मग चाके, क्षेपणास्त्रे, आणि नाकापुढची ती नाजूक नळी सर्वांत शेवटी.

वेळ अमावस्येला भज्जी-आंबिलीसाठी तू शेतावर येणारच आहेस. तोपर्यंत कॉकपिट रंगून तयार असेल. एकदा धड मिटले की त्यातला अर्धा भाग कोणालाही दिसणार नाही, म्हणून तू येऊन पाहीपर्यंत मी सिमेंटची (प्लास्टिक जोडायच्या गोंदाची) बाटली उघडणार नाही.

तुझा,
मधुकर