इंटर्नशिपमध्ये एकच एक्सचेंजर द्या, पण शेवटपर्यंत

महोदय,

सुट्ट्या लागल्या की अभियांत्रिकीचे विद्यार्थी सहा-आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांत येतात. जाताना त्यांनी दिलेले अहवाल एकापाठोपाठ वाचून पाहावेत: कच्च्या तेलाचा प्रवास, युनिटांची नावे, आदल्या वर्षीच्या अहवालातून उतरवलेली आकृती आणि आभार. सगळा कारखाना पाहून झालेला असतो, पण एकाही यंत्राशी ओळख झालेली नसते. दोष विद्यार्थ्यांना देण्यात अर्थ नाही. दर तीन दिवसांनी युनिट बदलले तर दुसरे काय होणार?

आमचे म्हणणे असे, की पहिला आठवडा सुरक्षेचे नियम शिकण्यात आणि पाइपलाइन चालत जाऊन ओळखण्यात जावा. मग शेवटच्या दिवसापर्यंत एकच उपकरण हाती द्यावे. पंपही चालेल, पण सर्वात जास्त शिकवतो तो प्रीहीट ट्रेनमधला (भट्टीआधी कच्चे तेल तापवणाऱ्या साखळीतला) एखादा एक्सचेंजर, म्हणजे एका प्रवाहाची उष्णता नळ्यांमधून दुसऱ्याला देणारे उपकरण. भट्टीत जाण्याआधी कच्चे तेल कॉलममधून (तेलाचे घटक वेगळे करणाऱ्या मनोऱ्यातून) निघालेल्या गरम प्रवाहांकडून उष्णता घेते. अॅस्फाल्टीन (कच्च्या तेलातला डांबरासारखा जड भाग) आणि क्षारांचा थर बसून नळ्या माखल्या की ती कमी मिळू लागते. ताशी 400 टनांच्या युनिटात भट्टीच्या तोंडाशी तापमान एका अंशाने उतरले, तरी दिवसाला सुमारे 700 किलो जादा इंधन जळते. कोणता एक्सचेंजर आधी साफ करायचा हे ठरवायला आकडे लागतात आणि शिफ्टवरच्या माणसाला ते काढत बसायला सवड नसते. म्हणजे हे काम विद्यार्थ्याला गुंतवून ठेवण्यापुरते नाही.

समजा, ताशी 400 टन कच्चे तेल 150 वरून 180 अंश सेल्सिअसवर जाते. विशिष्ट उष्मा 0.58 (किलोकॅलरी प्रति किलो प्रति अंश) धरला तर घेतलेली उष्णता ताशी साधारण 70 लाख किलोकॅलरी. पलीकडून ताशी 200 टन गॅस ऑइल (कॉलममधून निघालेला एक गरम प्रवाह) 260 वरून 200 वर उतरते. त्याचा उष्मा 0.63 धरला, तर दिलेली उष्णता 75 लाखांच्या वर जाते. दोन्ही आकडे जवळपास जुळायला हवेत: इन्सुलेशन ठीक असेल तर हवेत जाणारी उष्णता एक-दोन टक्केच. इथे तर तफावत आठ टक्क्यांहून जास्त. बहुतेक जण दोन्हींची सरासरी काढून पुढे सरकतात, आणि शिकण्यासारखे जे होते ते तिथेच राहून जाते.

आधी तापमान तपासावे. 30 अंशांच्या वाढीत दीड अंशाची चूक म्हणजे थेट पाच टक्के. थर्मोवेल (तापमापक ठेवण्यासाठी पाइपात घुसवलेली नळी) पुरेसे खोल गेलेले नसेल, तर गरम पाइपावर ते कमीच दाखवते. ते कुठे बसवले आहे, हेही जागेवर जाऊन बघावे. बायपासचा (एक्सचेंजरला वळसा घालणाऱ्या पाइपाचा) व्हॉल्व्ह किंचित उघडा असेल आणि थर्मोवेल दोन प्रवाह मिसळण्याच्या आधी असेल, तर मीटर सगळा प्रवाह मोजतो, पण एक्सचेंजरमधून त्यातला काही भागच गेलेला असतो. गरम बाजूचा आकडा असाच फुगतो. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर व्हॉल्व्ह बंद दिसतो म्हणून तो खरोखर बंद आहे, असे धरून चालू नये.

मग प्रवाह. ऑरिफिस मीटर (पाइपात भोकाची चकती बसवून प्रवाह मोजणारा) दाबातल्या फरकाच्या वर्गमुळावर चालतो आणि एक ठरावीक घनता गृहीत धरतो. 850 किलो प्रति घनमीटरसाठी बसवलेल्या मीटरमधून 800 घनतेचे द्रव गेले, तर घनमीटरांचा आकडा खऱ्यापेक्षा तीन टक्के कमी येतो. टनांत वाचला तर तितकाच जास्त. प्रयोगशाळेच्या कागदावरची घनता सहसा 15 अंशांची असते. 165 अंशांवरच्या प्रत्यक्ष घनमीटरांना तिनेच गुणले, तर टन बारा-पंधरा टक्क्यांनी वाढून बसतात. ही चूक नेहमीची आहे.

थंड बाजूचा आकडा खरा ठरला असे धरू. गरम आणि थंड प्रवाहांमधल्या तापमानफरकाची लॉगरिदमिक सरासरी 64 अंश येते. दोन पासच्या (प्रवाह एकदा जाऊन परत येतो अशा) नळ्यांसाठी 0.92 चा गुणक लावला की 59. पृष्ठभाग 500 चौरस मीटर असेल तर उष्णता-संक्रमणाचा गुणांक (दर चौरस मीटरला, दर अंशाला ताशी किती किलोकॅलरी जाते) 236. एकटा हा आकडा काही सांगत नाही. साफसफाईनंतरच्या पहिल्या आठवड्यातला गुणांक काढून शेजारी ठेवावा लागतो. प्रवाह घटला तरी गुणांक उतरतो आणि त्याचे खापर मळावर फुटते, म्हणून तुलना सारख्या प्रवाहाच्या दिवसांचीच करावी. वाचने तासाच्या सरासरीची घ्यावीत. क्रूड (कच्चे तेल) बदलले त्या दिवसाची सोडून द्यावीत.

फील्डवर साधा मोबाइल चालत नाही, तेव्हा खिशात वही हवी. आणि हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूबद्दल एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी: कुजक्या अंड्याचा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे नाही. 100 पीपीएमच्या (दहा लाखांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होते. अंगावरचा डिटेक्टर वाजला की विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे) बघून आधी वाऱ्याच्या आडव्या दिशेने सरकायचे आणि मग वारा येतो त्या बाजूला निघायचे. कोणी पडलेले दिसले तरी श्वसनयंत्राशिवाय मागे फिरायचे नाही.

अहवाल दहा पानांत संपावा. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या मीटरवरून आणि कोणत्या वेळचा हे लिहिलेले असावे. कारखान्याची रेखाचित्रे परवानगीशिवाय त्यात घालू नयेत. मार्गदर्शक अभियंत्याने आठवड्यातला एक तास या विद्यार्थ्यासाठी खरोखर मोकळा ठेवावा. एवढ्यावर काम भागते. आणि तोंडी परीक्षेत कॉलेजांनी कॉलममध्ये ट्रे किती हे विचारण्यापेक्षा ती आठ टक्क्यांची तफावत कुठून आली, हे विचारावे.

आपले,
तेलशुद्धीकरण क्षेत्रातील काही प्रोसेस इंजिनिअर