कात्री डाळीला नको, तेलाला लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महागाईत घरखर्च कसा भागवावा, याचे सल्ले सध्या जिकडेतिकडे छापून येतात, आपल्या पुरवणीतही अधूनमधून येतात. त्यांतला एक सल्ला ठरलेला : डाळ महागली की आमटी पातळ करा, दुधी-बटाटा घालून वाढवा आणि पोट भात-पोळीनं भरा. आमचं म्हणणं नेमकं उलटं आहे. कात्री लावायची तर तेलाला, गॅसला आणि वरखाऊ पुड्यांना लावा. डाळ-कडधान्याच्या डब्याला हात लावू नका. जमलं तर तो वाढवा.

आधी मोजून बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शिका काढली, तीत २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी, मासे, मांस) आणि ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. तेल-तूप फक्त २७ ग्रॅम. आता आपल्या डब्यातली वाटी घ्या. १५० मिलीच्या स्टीलच्या वाटीत सपाट भरून तूरडाळ साधारण १३० ग्रॅम बसते. त्या एका वाटीची आमटी चौघांना दोन्ही वेळा पुरवली, तर माणशी ३२ ग्रॅम डाळ पोटात गेली. निम्मीसुद्धा नाही. ती आणखी पातळ करायची म्हणजे हळद घातलेलं पाणीच प्यायचं.

चौघांचा हिशेब दिवसाला ३४० ग्रॅम, महिन्याला दहा किलो होतो. आकडा बघून दचकायला होतं, खरं आहे. पण सगळी तूरडाळच हवी असं कुठे आहे? कोणतं जिन्नस स्वस्त हे किलोच्या भावावर ठरवू नका, दहा ग्रॅम प्रथिनं किती रुपयांना पडतात ते बघा. गणित सोपं आहे : किलोच्या भावाला किलोतल्या प्रथिनांच्या ग्रॅमनी भागायचं आणि दहानं गुणायचं. खालचे भाव हिशेबापुरते धरलेत, आपल्या दुकानातले घालून बघा. हरभरे ८० रुपये किलो, किलोत प्रथिनं १९० ते २०० ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमला चार रुपये. मटकी १२० रुपयांची, किलोत २३० ग्रॅम, सव्वापाच रुपये. शेंगदाणे १४० रुपयांचे, पावणेसहा-सहा रुपये. तूरडाळ तेवढ्याच भावाची, साडेसहा रुपये. सोयावडी १४० रुपयांची, पण किलोत ५२० ग्रॅम, त्यामुळे पावणेतीनच रुपये. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, म्हणजे दहा ग्रॅम अकरा रुपयांना पडतात. साठ रुपये लिटरचं दूध एकोणीसला आणि चारशे रुपये किलोचं पनीर बावीसला. म्हणून लहान मुलांचं दूध तोडा असं नव्हे, कॅल्शियमसाठी ते हवंच. पण पाहुणे आले की डाळ आखडून पनीर आणायचं, हा व्यवहार तोट्याचा आहे.

ज्या घरात प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड आहे, तिथे माणशी महिना ५ किलो धान्य २०२३ पासून मोफत मिळतं. अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. गहू-तांदळाचा मोठा खर्च तिथेच वाचतो. तो वाचलेला पैसा पुन्हा बासमतीच्या तुकड्यावर आणि मैद्याच्या पावावर जाऊ नये, कडधान्यावर जावा. रेशनचा तांदूळ निवडताना काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून टाकले जातात. लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळून केलेले ते पोषक दाणे असतात, शंभरात एक या प्रमाणात घातलेले. ते वेचून फेकू नका, आणि तांदूळ चार-चार पाण्यांनी चोळूनही धुऊ नका.

आता तेल. चौघांच्या घराला महिन्याला तीन लिटर पुरतं. रोजचे १०० मिली, माणशी २५ मिली, म्हणजे साधारण २३ ग्रॅम, २७ ग्रॅमच्या मापाच्या आतच. पिशवी फोडून थेट कढईत ओतणाऱ्या घरात हाच आकडा पाच लिटरवर जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. उपाय एकच : रोज सकाळी १०० मिली तेल छोट्या बुधलीत काढायचं, दिवसभर त्यातलंच वापरायचं. दोन लिटर वाचले आणि लिटरला १४० रुपये धरले, तर तेवढ्यात साडेतीन किलो हरभरे येतात. दोन वर्षांखालच्या मुलाच्या वरणभातावरचं तेल-तूप मात्र कमी करू नका. त्याचं पोट लहान असतं, उष्मांक थोडक्यात जावे लागतात.

मटकीची उसळ जरा सविस्तर सांगतो, कारण स्वस्त म्हणून ती केली जाते आणि बिघडते म्हणून सोडली जाते. चौघांसाठी एक सपाट वाटी, म्हणजे सव्वाशे ग्रॅम मटकी रात्री चौपट पाण्यात भिजवा. सकाळी हातानं चाचपून गणंग काढा. न फुगलेला, खड्यासारखा लागणारा दाणा शेवटपर्यंत शिजत नाही आणि दाताखाली येतो. मग पाणी काढून मटकी चाळणीत चांगली पंधरा मिनिटं निथळू द्या. घाई इथेच नडते. ओलीगच्च मटकी फडक्यात बांधली की तळचे दाणे गुदमरतात, आंबूस वास येतो, बोटाला तार सुटते. अशी मटकी धुऊन वापरण्यात अर्थ नाही, टाकावीच लागते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या सोलापुरी उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात. मध्ये एकदा पुरचुंडी गार पाण्याखाली धरून पुन्हा निथळावी. डिसेंबरात तीच मटकी चोवीस तास घेते. पुरचुंडी झाकणाच्या डब्यात ठेवून डब्याला जाड टॉवेल गुंडाळा. मोड बोटाच्या पेराच्या निम्मा झाला की पुरे. लांबलचक मोड दिसायला छान, पण दाणा पोकळ होतो. सव्वाशे ग्रॅमची पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास मटकी होते.

दोन छोटे चमचे तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, एक कांदा, हळद-तिखट. त्यावर मटकी, अर्धी वाटी पाणी, आणि वर पाणी घातलेलं झाकण. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. कुकरला लावू नका, एका शिट्टीत लगदा होतो. दाणा दोन बोटांत दाबला जायला लागल्यावरच चिंच किंवा आमसूल घाला. आंबट आधी पडलं की दाणा आकसतो आणि मग कितीही शिजवा, कडकच राहतो. डाळीच्या आमटीलाही हेच लागू, टोमॅटोसकट. जुनी, दोन पावसाळे पाहिलेली डाळ मऊ होत नाही, तेव्हा काहीजणी चिमूटभर सोडा टाकतात. डाळ शिजते, पण ब-१ जीवनसत्त्व जातं. त्यापेक्षा ती डाळ तासभर कोमट पाण्यात भिजवा. उतरवताना उसळीत दोन चमचे दाण्याचं कूट आणि ताटात लिंबाची फोड. लिंबू चवीपुरतं नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वानं कडधान्यातलं लोह अंगी लागतं.

लोहाचा विषय निघालाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. आणि आपल्याकडे कष्टकरी बाईची न्याहारी म्हणजे चहा-चपाती! चहातलं टॅनिन चपातीतलं लोह अडकवून ठेवतं. चहा सोडा म्हणून कुणी सोडणार नाही, पण चपातीबरोबर दाण्याची चटणी खाऊन चहा तासाभरानं घेतला तरी फरक पडतो. ‘गूळ खा, रक्त वाढेल’ हे ऐकायला गोड आहे. दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं, आणि बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅमची.

पिठलं घाईच्या दिवसाचं जेवण, त्याचं प्रमाण मात्र चुकतं. चौघांना सव्वा वाटी बेसन (साधारण १०० ग्रॅम) आणि पावणेचार वाट्या पाणी किंवा पातळ ताक. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळी बाहेरून शिजते, आत कोरडी राहते. पीठ आधी गार ताकात कालवा, मग फोडणीत ओता. घट्ट झालं की शिजलं असं समजून गॅस बंद करतात, म्हणून कच्चट वास राहतो. घट्ट झाल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं वाफ लागतेच. फोडणीत कांद्याबरोबर मुळ्याचा पाला किंवा फ्लॉवरची कोवळी पानं बारीक चिरून घाला. मंडईत भाजीवाल्या हा पाला खुडून बाजूला टाकतात. मागितला तर बऱ्याचदा फुकट देतात. शेवग्याचा पालाही तसाच, फक्त शेंड्याचा कोवळा घ्या, जून पाला कडवट लागतो. कोणतीही पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की बरंचसं क जीवनसत्त्व मोरीत जातं.

गॅसचं थोडक्यात. तूरडाळ अर्धा तास भिजवून, अडीचपट पाणी, हळद आणि तेलाचा थेंब घालून कुकरच्या खालच्या डब्यात, वर तांदूळ, त्यावर जाळीच्या भांड्यात बटाटा किंवा भोपळा. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक, आठ-दहा मिनिटांनी बंद, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या काढल्यानं डाळ लवकर शिजत नाही. आतला दाब पहिल्या शिट्टीलाच पुरा झालेला असतो, पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे विकतच्या गॅसची वाफ खिडकीबाहेर.

भाकरीबद्दल एक गैरसमज आहे. ज्वारी गरिबाचं धान्य राहिलेली नाही, मंगळवेढ्याची मालदांडी तर गव्हापेक्षा महाग पडते. तेव्हा दोन्ही वेळा भाकरीचा हट्ट नको. एकदा भाकरी, एकदा रेशनच्या गव्हाची चपाती. ज्वारी आठवड्यापुरतीच दळा. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना फाटते आणि मग उकळतं पाणी घालून मळावं लागतं. बाजरीचं पीठ तर आठवड्यातच कडू व्हायला लागतं.

आता सोयाबीन. लातूर-धाराशिवकडे शिवारं भरून पिकतं, तेलगिरणीत जातं, पेंड कोंबड्या खातात आणि पिकवणाऱ्याच्या घरात सोयाबीनचा दाणा शिजत नाही. न शिजण्यालाही कारण आहे : कच्चा दळला की उग्र वास येतो आणि पोट फुगतं, कारण प्रथिनं पचू न देणारा एक घटक त्यात असतो. सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळा, पाणी फेकून द्या, उन्हात खडखडीत वाळवा, मग नऊ किलो गव्हात एक किलो मिसळून दळून आणा. एकाहून जास्त घालू नका, चपाती कडेला फाटते आणि डब्यात दुपारपर्यंत वाळते. सोयावडी गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळली की वास जातो. चौघांना ५० ग्रॅम कोरडी पुरे.

दिवसाची वाटणी अशी बसते : सकाळी ८० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून धिरडी, दुपारी सव्वाशे ग्रॅम मटकीची उसळ, रात्री १०० ग्रॅम बेसनाचं पिठलं किंवा तेवढ्याच डाळीचं घट्ट वरण, आणि पाचच्या सुमाराला मुलांच्या हातावर बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे. ३४० ग्रॅम होतात. मांसाहारी घरात अंडी किंवा आठवडी बाजारातली सुकट आली की त्या दिवशी डाळ तेवढी कमी चालेल. सुकटीतलं मीठ आधी धुऊन टाका आणि वरून मीठ घालताना हात आखडता घ्या.

जाता जाता आपल्याला एक विनंती. आपल्या बाजारभावाच्या रकान्यात सोनं-चांदी रोज असतं, आणि धान्याचे भाव क्विंटलचे, घाऊक असतात. पिशवी घेऊन दुकानात जाणाऱ्या बाईला त्यांचा उपयोग नाही. आठवड्यातून एकदा, सोमवारी म्हणा, हरभरा, मटकी, मूग, मसूर, तूरडाळ, शेंगदाणे, सोयावडी आणि अंडी यांचे किलोचे किंवा डझनाचे किरकोळ भाव छापा, आणि शेजारी दहा ग्रॅम प्रथिनं किती रुपयांना पडतात तेही. चार ओळींची जागा लागेल.

आपल्या वाचक,
आहारशास्त्राच्या दोन शिक्षिका, सोलापूर