ट्युलिपची घाई नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वसंतात फुलणारे कंद शरदात कसे लावावेत, हे सांगणारा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. लेख उपयुक्त आहे. मात्र कंद हाती येताच सगळे एकाच दिवशी लावून मोकळे व्हावे, हा त्यातील सल्ला पटला नाही, म्हणून हे पत्र.

डॅफोडिलच्या बाबतीत घाई केलेली चांगलीच, कारण जमिनीत थोडी ऊब शिल्लक असतानाच त्याची मुळे धरतात. ट्युलिपचे तसे नाही. ओल्या, उबदार मातीत त्याला बुरशीचा धोका अधिक असतो, म्हणून उत्तर गोलार्धात तो नोव्हेंबरमध्ये, थंडी चांगली पडू लागल्यावर लावलेला बरा. मी एकदा सगळेच कंद सप्टेंबरात उरकले होते. वसंतात ट्युलिपची पाती भाजल्यासारखी तपकिरी आणि पीळ पडलेली अशीच वर आली. शेजारच्या डॅफोडिलला काहीही झाले नव्हते.

उशिरा लावले तर फूल येणार नाही, ही भीती अनाठायी आहे. शरदात ट्युलिपचा एखादा कंद उभा चिरून पाहावा (एक कंद वाया जातो, पण जाऊ द्यावा): पांढऱ्या, मांसल पापुद्र्यांच्या मधोमध पुढच्या वसंतातले फूल इवल्याशा कळीच्या रूपात आधीच तयार असते. त्याला आता हवी असते ती थंडी, आणि तीही साधारण १२ ते १६ आठवडे, ९ अंश सेल्सियसच्या खालची. ती पुरेशी मिळाली नाही, तर दांडा लांबत नाही आणि फूल पानांच्या बेचक्यातच अडकून बसते. म्हणूनच सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशांत कंद लावण्याआधी काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवतात. मात्र ते सफरचंदांशेजारी ठेवू नयेत, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते.

लेखात खोली 'बोटभर' दिली आहे. क्रोकसला ती एकवेळ चालेल, पण मोठ्या कंदांसाठी ती अपुरी आहे. कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट माती त्याच्यावर यायला हवी. पाणी साचणारी जागा मात्र कोणत्याही खोलीवर टाळावी, कारण तिथे कंद कुजतातच.

पुरवणीच्या पुढील अंकात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती. ज्या वाचकांनी ट्युलिप अजून लावलेले नाहीत, त्यांनी ते कोरड्या, हवेशीर जागी कागदी पिशवीत ठेवावेत.

आपला,
एक नियमित वाचक